वाडे पडले म्हणता? मग ओसरीवर कोण बसलंय?

तापीकाठचा (धागा सुरू करणारा)

चार दिवसांपासून एक पोस्ट प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. नगरपालिकांच्या निकालानंतर कुणीतरी लिहिलेली. भाच्यांनी मला ती सहा वेळा पाठवली. सार असं : खान्देशातली घराणी संपली, टपरीवाला पुढारी झाला, वाडे पाडून सामान्य माणूस आत शिरला, आता राज्य जनतेचं. खाली गुलाल, मुठी आणि ढोल वाजवणारं चित्र.

असल्या गोष्टींना मी उत्तर देत नाही. पण 'वाडे पाडून' हे शब्द डोक्यात गेले. वाडा पाडला कुणी? आमचा वाडा धाब्याचा होता. माती टाकायला माणूस मिळेना, दोन पावसाळे गळला आणि तिसऱ्यात बसला. जनता तेव्हा घरात टीव्ही बघत होती.

सत्ता कशी गेली ते सांगतो. आजोबांकडे पाटीलकी होती. ती गेल्यावर विकास सोसायटीचं चेअरमनपद होतं, बावीस वर्षं. आमच्या ट्रॅक्टरवर एक पोऱ्या होता, आमच्याच सालदाराचा मुलगा, सातवी पास. आजोबांचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. म्हणून कर्जाचे फॉर्म पोऱ्या भरायचा. जिल्हा बँकेत जाताना तोच ट्रॅक्टर हाकायचा आणि साहेबाच्या टेबलाशी तोच उभा राहायचा, कारण आजोबांना गुडघ्यांचा त्रास. कुणाची थकबाकी किती, कुणाच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलंय, कुणाचं पुनर्गठन अडलंय, सगळं त्याला पाठ. गावाला हळूहळू कळलं की पाटलांना भेटून काम होत नाही, ट्रॅक्टरवाल्याला भेटून होतं.

मग जिल्हा बँकेच्या निवडणुकीसाठी सोसायटीचा ठराव, म्हणजे सोसायटीचा प्रतिनिधी कोण ते, करायचा होता. तेरा संचालक. सभेच्या दिवशी आजोबा शेरवाणी घालून ऑफिसात बसले, नऊ संचालक गायब. वणीला देवीच्या दर्शनाला गेले होते म्हणे, दोन जिपा करून. पेट्रोल कुणाचं ते विचारू नका. पुढच्या सभेत ठराव ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं झाला. आरडाओरडा नाही, मोर्चा नाही. आजोबांनी त्याला सत्काराचा नारळ दिला आणि घरी येऊन तीन दिवस बोलले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुना पुढारी बाहेरच्या शत्रूमुळे जात नाही. त्याला ओसरीवरचा माणूस घालवतो, ज्याला किल्ल्या कुठं टांगल्यात हे ठाऊक असतं. परेटो नावाचा इटालियन सिंह आणि कोल्हे असं काही म्हणायचा. बळानं राज्य करणारे सिंह, युक्तीनं घुसणारे कोल्हे, आणि आलटून पालटून पाळी. आपल्याकडं त्याआधी पाचशे वर्षं हे घडून गेलंय. बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडच्या आसा अहिराकडं लळिंगच्या नसीरखान फारुकीनं निरोप धाडला, माझ्यामागं शत्रू लागलाय, बायकामुलांना गडावर आसरा द्या. डोल्या वर गेल्या. पहिल्या डोल्यांत खरंच बायका, मागच्यांत तलवारी. दंतकथा असेल, पण इतकी वर्षं लोक ती उगाच सांगत नाहीत.

आणि 'घराणी संपली' म्हणणाऱ्यांनी नंदुरबारकडं बघावं. माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा खासदार. २०१४ ला पडले. पाडलं कुणी? हिना गावितांनी, ज्यांचे वडील १९९५ पासून आमदार आणि कित्येक वर्षं मंत्री. २०२४ ला त्या पडल्या, निवडून आले गोवाल पाडवी. त्यांचे वडील के. सी. पाडवी, तेही मंत्री राहिलेले. यात जनतेनं वाडा पाडला कुठं? एका वाड्यातनं उठून दुसऱ्यात गेली.

---

कापूसकोंड्या

व्वा, पाटील. आजोबांची शेरवाणी वाचून डोळे भरून आले. रुमाल शोधत होतो, मग आठवलं, आमच्या बापाकडं रुमालच नव्हता.

तुम्ही ज्याला 'पोऱ्या' म्हणता त्याला नावही देत नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? बावीस वर्षं तुमचे आजोबा चेअरमन. बावीस! ती काय लोकशाही होती? आणि तो सातवी पास माणूस फॉर्म भरून गावाची कामं करत होता, तर तो कोल्हा? काम न करता खुर्चीत बसणारा सिंह?

माझा बाप जिनिंगमध्ये हमाल. गठाणी उचलून पाठीला घट्टे पडलेले. मी ग्रामपंचायतीत निवडून आलो त्या दिवशी त्याला ऑफिसात घेऊन गेलो, खुर्चीवर बसवलं. त्यानं आधी खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची झटकली, मग कडेला बसला, अर्धा. ती पोस्ट मीही फॉरवर्ड केली. पुन्हा करीन.

आणि नंदुरबारचं अर्धंच सांगता. लोकसभेला मुलगा निवडून आला त्याच वर्षी विधानसभेला अक्कलकुव्यात बाप पडला, आमश्या पाडवींकडून. हे नाही लिहिलं? पाळधीचे गुलाबराव पाटील पुढं मंत्री झाले, त्यांची पानटपरी होती, ते स्वतः भाषणात सांगतात. नाथाभाऊ खडसे कोथळीचे सरपंच म्हणून सुरू झाले. कुठला वाडा होता त्यांच्यामागं?

---

तापीकाठचा

नाव दिलं नाही कारण तो माणूस हयात आहे आणि गावात आमची तोंडं रोज समोरासमोर येतात. टोमणा चुकीच्या जागी मारलात.

नाथाभाऊंचं म्हणाल तर माझाच मुद्दा झाला. सरपंच म्हणून निघालेला माणूस १९९० ते २०१९ सलग आमदार. २०१९ ला तिकीट मुलीला मिळालं, ती पडली. सून २०१४ पासून खासदार, आता केंद्रात राज्यमंत्री. जिल्हा दूध संघात पत्नी अध्यक्ष, त्या २०२२ ला पडल्या. वाडा नव्हता, मान्य. तीस वर्षांत झाला की नाही? मी व्यक्तीवर बोलत नाही, तिथं दुसरं कुणीही असतं तरी हेच झालं असतं.

---

निवृत्त मास्तर

दोघांनीही थोडं पाणी प्या.

तापीकर, आपलं अशीरगडचं उदाहरण आपल्याच विरुद्ध जातं. नसीरखान आसा अहिराच्या ओसरीवरचा नव्हता. त्याच्या बापाला, मलिक राजाला, दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं थाळनेर-करवंदचा मुलूख दिलेला. म्हणजे तो आधीच राजा, आसा अहीर त्याचा मांडलिक. मोठ्यानं लहानाला गिळलं, आणि तेही विश्वासघातानं. ओसरीचा सिद्धांत यातून निघत नाही. पुढं १६०१ साली तोच गड अकबराकडं गेला, तेव्हाही तोफांपेक्षा सोनं आणि फितुरी जास्त बोलली असं म्हणतात. तिथं कदाचित आपली ओसरी सापडेल.

दुसरं. आपल्या आजोबांची पाटीलकी ट्रॅक्टरवाल्यानं नाही काढली, ती १९६२ च्या कायद्यानं गेली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्या. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्यानं कसणारा मालक झाला. पाच-सहा वर्षांत तीन धक्के. पूर्व खान्देशातले जे सावकार आणि बिनकसते जमीनदार होते त्यांचं बूड त्यात हललं. नवा पुढारी जन्मला तो या कायद्यांच्या पोटी, आपल्या ट्रॅक्टरवर नव्हे. जिल्हा परिषदेचा सदस्य, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, सूतगिरणीचा आणि साखर कारखान्याचा चेअरमन, हे सगळे १९६० नंतरचे अवतार.

शिवाय सामान्य माणूस खान्देशात काल जागा झाला असंही नाही. १८५२ साली सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी इंग्रजांची जमीनमोजणी हाणून पाडायला उठाव केला होता. १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला झालं, खेड्यातलं पहिलं. धनाजी नाना चौधरींनी ते अंगावर घेतलं. अमळनेरला साने गुरुजी मास्तर होते, पुढं त्यांनी गिरणी कामगारांसाठीही आवाज उठवला. ज्या प्रताप शेठजींच्या नावानं शाळा त्यांच्याच नावानं गिरणी. या गावात तत्त्वज्ञानाची संस्था १९१६ पासून आहे, आणि आज तिथं जायचं म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, 'ते कुठं आलं, सर?' वाचनालयाची वर्गणी थकवणारे लोक परेटोची नावं घेतात याची मला गंमत वाटते. असो.

---

तापीकाठचा

मास्तर, वर्गणी मी भरलीय. पावती आहे.

कायद्याचं मान्य. पण कायद्यानं जागा रिकामी होते, त्या जागेवर कोण बसणार ते कायदा ठरवत नाही. कूळकायद्यात जमीन मिळाली कुणाला? ज्याचं नाव पीकपाहणीला लागलं त्याला. नाव कुणी लावलं? तलाठ्यानं. तलाठी जेवायला कुठं यायचा? घ्या, आली ओसरी.

---

मन्ही खान्देश

भाऊसोन, पाटील गया, चेअरमन उना, चेअरमन गया, भाऊ उना. आमनं वांगं तेच, निखारा बी तेच. भरीत आमनंच व्हयी राहिनं.

---

सातपुड्याची लेक

सकाळपासून वाचतेय. पाटील गेला की चेअरमन आला, चेअरमन गेला की टपरीवाला आला. आणि या सगळ्यांच्या शेतात आखाजीला साल ठरवून राबायला कोण येत होतं, ते एका ओळीत उरकलंत : 'आमच्याच सालदाराचा मुलगा.' आमच्याच!

मी शहाद्याकडची, भिल्ल. तुमच्या ओसरीवर आम्हाला चढू दिलं नाही. पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आता तुमचा सिद्धांत म्हणतो की सत्ता ओसरीवरून मिळते. मग आमची कुठून आली ते सांगा.

मी सांगते. १९७१ ला पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. पुढच्या वर्षी आमचे आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या सोबतीनं श्रमिक संघटना उभी राहिली. सावकारीत गेलेल्या जमिनी परत मागितल्या, सालदारांची मजुरी मागितली. आमच्या आज्यांनी दारूचे मटके फोडले, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना चावडीवर उभं केलं. ते कुठल्या पाटलाच्या फॉर्म भरण्यातून आलं नव्हतं. तुमचे सिंह आणि कोल्हे राहू द्या तुमच्याकडं, इथं बकऱ्यांनी शिंगं उगारली होती.

राखीव जागेवर माझी आई सरपंच झाली. पाच वर्षं. कापूसकोंड्यादादा, तुमचा बाप खुर्चीवर अर्धा बसला, माझी आई पहिलं वर्षभर बसलीच नाही, उभ्यानं सह्या करायची. शिक्का ग्रामसेवकाच्या पिशवीत. दुसऱ्या वर्षी तिनं शिक्का मागितला. तो म्हणाला, हरवला. तिनं तालुक्याला जाऊन नवा करून आणला, स्वतःच्या पैशांनी, आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. झोपताना उशाखाली. तो शिक्का ओसरीवरून नाही मिळाला, भाऊ.

---

कापूसकोंड्या

ताई, जय जोहार. पाटील, द्या आता उत्तर.

---

तापीकाठचा

ताई, पाणी ओतण्याचं मी लहानपणी पाहिलंय, नाकारणार नाही. 'आमच्याच' हा शब्द चुकला.

पण एक विचारतो, रागावू नका. तुमच्या आईनंतर कोण आलं?

---

सातपुड्याची लेक

विचारणार हे माहीत होतं. ग्रामसेवकाच्या मर्जीतला एक आला. आमच्याच पाड्यातला. ठेके घेतो. बोलेरो आहे. आईला काकी म्हणतो आणि तिनं मांडलेलं एकही काम करत नाही. झालं समाधान?

---

केळीवाला

तुम्ही सगळे कुठल्या जमान्यात आहात? सरपंच, चेअरमन, आमदार, हे काय सत्ताधारी आहेत? खरी सत्ता ज्याच्या हातात भाव त्याची. माझी केळीची सहा हजार खोडं आहेत. रोज सकाळी फोन हातात घेऊन बसतो की बऱ्हाणपूरला काय भाव निघाला. मध्य प्रदेशातल्या मंडीत बोली लागते आणि रावेर-यावलची हजारो घरं त्यावर जेवतात. इकडं बाजार समितीचा बोर्ड लागतो तो वेगळा, आणि वजनकाट्यावर प्रत्यक्ष मिळतो तो तिसराच. बोर्डभावानं माल गेलेला शेतकरी मला दाखवा, त्याचा सत्कार करतो.

मागच्या उन्हाळ्यात नवती, म्हणजे नव्या लागवडीचा माल, एक दाणा काळा नाही. व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला, चपलेनं खोड टोकलं, म्हणाला 'जरा बारीक वाटतोय'. भाव तीनशेनं खाली. वर घडाच्या दांड्याच्या वजनाची कटती. म्हटलं नाही द्यायचा. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी ऊन चव्वेचाळीस, घड पिकायला लागले. शेवटी त्याच माणसाला फोन केला आणि वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या भावात दिला. आता सांगा, कुठल्या आमदाराला मत देऊन हे बदलतं? जनतेचं राज्य म्हणे.

---

बऱ्हाणपूर गेट

घ्या, व्यापाऱ्याला शिव्या दिल्याशिवाय जळगाव जिल्ह्यातली कुठलीच चर्चा पूर्ण होत नाही.

साहेब, केळी म्हणजे कापूस नाही, घरात भरून ठेवायला. ट्रक भरला की घड्याळ सुरू. दिल्लीला पोहोचेपर्यंत टायर फुटला, जाम लागला, थंडी पडली, सगळं माझ्या अंगावर. मागच्या डिसेंबरात एक गाडी काळी पडली, तिथल्या आडत्यानं उचललीच नाही. भाडंही माझं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणालं का, अर्धा तोटा आम्ही घेतो?

आणि भाव मी ठरवत नाही. दिल्ली, पंजाब, काश्मीर ठरवतात. रमजान कधी, नवरात्र कधी, आंध्रचा माल कधी सुटतो, सोलापूरकडून निर्यातीला किती गेला, हे ठरवतं.

---

केळीवाला

तोटा तुमच्या अंगावर म्हणता, मग तुमच्या तीन मजली घराच्या अंगावर काय आहे? दरवर्षी तोटा आणि दरवर्षी नवा मजला!

आडत्याच्या नावानं पैसे चार महिने दाबून ठेवता. आमच्या गावात एक व्यापारी चाळीस शेतकऱ्यांचे पैसे घेऊन रातोरात पसार झाला. एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. पावती? कच्च्या चिठ्ठीवर. त्याला व्यापारी म्हणायचं की दरोडेखोर?

---

बऱ्हाणपूर गेट

एक पळाला म्हणून सगळे दरोडेखोर? तुमच्यातले किती जण आगाऊ उचल घेऊन माल दुसऱ्याला तोडून देतात? त्यांना काय म्हणायचं? भाषा सांभाळा.

---

केळीवाला

भाषा नाही सांभाळणार. काटा सांभाळा आधी.

---

निवृत्त मास्तर

मंडळी, मूळ विषय सत्तांतराचा होता. केळीचा नव्हे.

---

केळीवाला

मास्तर, पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते ना? मग बसा. विषय हाच आहे.

---

बऱ्हाणपूर गेट

मास्तरांना मध्ये आणू नका. आणि विषय हाच असेल तर माझीही एक गोष्ट ऐका.

तुमच्या भागात शेतकऱ्यांनी ग्रुप केला होता. व्यापारी नको, आपणच माल भरू, आपणच दिल्लीला पाठवू. छान. मीही म्हटलं, करा, कळेल. अध्यक्ष कोण? ज्याला हिंदी येत होतं आणि दिल्लीच्या आडत्यांचे नंबर ज्याच्याकडं होते तो. पहिली दोन वर्षं सगळ्यांना बरा भाव दिला. मग त्याच्या लक्षात आलं की नंबर आपल्या मोबाईलमध्ये आहेत, ग्रुपच्या नाही. आज तो माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतो. बागेत त्याचाही माणूस येतो आणि चपलेनं खोड टोकतो. विचारा केळीवाल्यांना, कदाचित तोच माणूस असेल.

---

केळीवाला

...

तो कोण ते मला माहीत आहे. आमच्या मावसभावाचा साडू. हो, चपलेनं टोकणारा त्याचाच माणूस होता. झालं?

पण म्हणून काटा बरोबर ठरत नाही.

---

तापीकाठचा

हा हा. मी ओसरी शोधत गावभर फिरतोय आणि ती गाळ्यात सापडली. गेटवाले, तुमचे आभार. तुमच्याकडून मदत येईल असं वाटलं नव्हतं.

---

बऱ्हाणपूर गेट

मदत तुम्हाला केली नाही. माझा आजोबाही एका पेढीवर मेहता होता, हिशेब लिहायचा. पेढी आज नाही. काय ते समजून घ्या.

---

कापूसकोंड्या

सगळ्यांनी पाटलांच्या ओसरीवर फुलं वाहून झाली असतील तर मी बोलू?

मान्य, नवा माणूस जुन्यासारखाच होतो. बरं. मग? म्हणून जुनाच बरा होता का? तुमच्या लिखाणाचा सूर तोच आहे, पाटील. 'बघा, शेवटी सगळे सारखेच.' ही गोष्ट नेहमी तोच सांगतो ज्याची खुर्ची गेली. ज्याला पहिल्यांदा मिळाली त्याला ती सारखी वाटत नाही. बँकेतला साहेब माझ्या बापाला 'ए' म्हणायचा. आता 'या दादा' म्हणतो. मी उद्या ठेके घेऊन बोलेरोत फिरायला लागलो तरी त्या 'या दादा'ची किंमत कमी होत नाही. (घेणार नाही. घेतले तर इथंच येऊन शिव्या द्या.)

आणि मास्तर, उमेदवारांच्या गर्दीवरही कुणीतरी बोला. आमच्या वॉर्डात एका जागेला अकरा जण उभे. सात पदवीधर, तीन डी.एड. होऊन घरी बसलेले. टर्चिन नावाचा कुणी म्हणतो की पुढारी होऊ पाहणारे जास्त झाले आणि खुर्च्या तेवढ्याच राहिल्या की भांडण पेटतं. मला ते पटतं. आमच्या पिढीला नोकरी मिळाली असती तर निम्मे लोक निवडणुकीकडं फिरकलेही नसते. शिक्षक भरती निघत नाही, मग पोरं कार्यकर्ते होतात. भाऊंच्या वाढदिवसाचे फलक लावतात.

---

निवृत्त मास्तर

हे मात्र नेमकं बोललात. माझ्या हाताखालचे किती तरी विद्यार्थी, हुशार, त्या फलकांवर कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढ्या फोटोत दिसतात. जळगावला खान्देश मिल होती, तिचा भोंगा आम्ही ऐकलाय. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. मिलमध्ये लागलेला पोरगा युनियनमध्ये जायचा, निदान संघटना शिकायचा. मॉलमधला सुरक्षारक्षक काय शिकणार?

इब्न खलदून या अरब इतिहासकारानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय की वाळवंटातली एकजूट घेऊन आलेले लोक शहर जिंकतात आणि तीन-चार पिढ्यांत मऊ पडतात. आमच्याकडं आता चार पिढ्या लागत नाहीत, दोन पंचवार्षिक पुरतात.

---

सातपुड्याची लेक

कापूसकोंड्यादादांचं 'या दादा' मला पटलं. माझ्या आईला बीडीओ (गटविकास अधिकारी) 'बाई' म्हणायचा, शिक्क्यानंतर 'मॅडम' म्हणायला लागला. ती घरी येऊन हसायची, मॅडम म्हणे!

पण तुम्ही सगळे माणसं बदलण्यावर बोलताय. वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा माझा दावा २००९ पासून पडून आहे. तेव्हापासून तहसीलदार बदलले, प्रांत बदलले, आमदार, खासदार, सरकारं बदलली. फाईल तीच. धूळ फक्त नवी. यावर तुमच्या परेटोचं काय म्हणणं आहे?

---

तापीकाठचा

परेटोचं माहीत नाही, ताई. माझं म्हणणं असं की तुमच्या आईच्या बाबतीत माझा हिशेब बसत नाही. ती कुणाच्या ओसरीवर नव्हती आणि तरी तिनं शिक्का मिळवला. अर्धा मुद्दा सोडतो. अर्धा नाही सोडत, कारण नंतरचा बोलेरोवाला ग्रामसेवकाच्या ओसरीवरूनच आला.

कापूसकोंड्या, तुम्हाला एवढंच : जुनं बरं होतं असं मी कुठंही लिहिलेलं नाही. वाचलंत तुम्ही. पण सूर तसा लागला असेल तर लागला असेल. वाडा पडताना मी आत राहत होतो, त्यामुळं आवाज थोडा जास्त ऐकू आला.

---

कापूसकोंड्या

ही माफी समजायची का? पाटलांकडून? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

---

तापीकाठचा

माफी नाही. नोंद.

---

मन्ही खान्देश

तापीकर भाऊ, एक सांगा. तुमना गावनी सोसायटीनी निवडणूक लागी शे ना पुढला महिनामा? मन्हा मामाना गाव तोच शे. पॅनलनं पत्रक देखं. कपबशी निशाणी. तुमनं नाव चौथा नंबरले शे.

---

कापूसकोंड्या

काय?? पाटील उभे? आणि आम्हाला इथं सिंह-कोल्हे सांगतात? पॅनल कुणाचं?

---

तापीकाठचा

सर्वसाधारण कर्जदार गट. शेतकरी विकास पॅनल.

---

कापूसकोंड्या

नाव नाही विचारलं. पॅनलप्रमुख कोण?

---

तापीकाठचा

तोच.

---

कापूसकोंड्या

तोच म्हणजे?

---

तापीकाठचा

ट्रॅक्टरवाला. आता सत्तरीचा आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही. मागच्या वर्षीपासून त्याचे फॉर्म मी भरून देतो. संध्याकाळी त्याच्या बंगल्यावर जावं लागतं, पुढच्या पडवीत खुर्च्या मांडलेल्या असतात.

---

सातपुड्याची लेक

😂😂 किल्ल्या कुठं टांगल्यात ते दिसलं का?

---

तापीकाठचा

फ्रिजच्या बाजूला, खिळ्यावर.

---

केळीवाला

ते जाऊ द्या. आज बऱ्हाणपूरला काय निघाला, कुणी सांगेल का? गेटवाले?

---

बऱ्हाणपूर गेट

भाषा सांभाळली तर सांगतो.